फोटोत नसलेली हरिणी

तुमच्या फोनमध्ये असा एखादा फोटो आहे का, ज्यातलं तुमचं हसू अगदी खरं आहे, पण गोष्ट मात्र तुम्ही अर्धीच सांगितली आहे?

असेल तर तो उघडून समोर ठेवा. शेवटी लागणार आहे. मी ज्या फोटोबद्दल लिहिते आहे तो माझा नाही, माधुरीताईंचा आहे. त्या अकरा दिवसांपूर्वी गेल्या. आमच्या तिरंदाजीच्या ग्रुपवर तो फोटो सगळ्यांना पाठ आहे. न्यूझीलंडमधला डोंगर, खाली ओलं गवत, त्यावर आडवा पडलेला हरणाचा मोठा शिंगांवाला नर, आणि त्याच्या मानेमागे गुडघ्यावर बसून दात दाखवून हसणाऱ्या ताई. पुढच्या रविवारी रेंजवर ताईंच्या आठवणीसाठी सगळे जमणार आहेत. तिथे हा फोटो मोठा करून लावायचं ठरलंय. ग्रुप चालवणारा निखिल मला म्हणाला, "मुक्ता, फोटोशेजारी लावायला ताईंवर चार शब्द लिही. तुला लिहिता येतं."

ताई, तुमच्यावर चार शब्द लिहायला मला जमत नाहीये. तुमच्याशीच बोलते. बाकीच्यांनी ऐकावं.

आपली ओळख कचऱ्याच्या नोटिशीवरून झाली, असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात. ते चूक आहे. ती नोटीस नव्हती, पत्रक होतं. जपानमध्ये, ओजिमात राहायला येऊन मला दोनच महिने झाले होते. इथल्या भारतीय हॉटेलांच्या भटारखान्यांत राबणाऱ्या लोकांना आठवड्याची सुट्टी मिळाली पाहिजे, एवढंच त्यात लिहिलं होतं, मराठीत, हिंदीत आणि माझ्या मोडक्या जपानीत. ते मी आपल्या बिल्डिंगच्या लिफ्टशेजारच्या फळ्यावर, कचरा वेगळा करण्याच्या तक्त्यावरच चिकटवलं. संध्याकाळी तुम्ही दारात उभ्या होतात. हातात माझं पत्रक, नीट सोडवलेलं, एकही कोपरा न फाटलेलं.

"हे तुझं?"

"हो. का काढलंत?"

"तक्ता झाकला गेला. उद्या प्लास्टिकचा वार आहे. खालच्या मजल्यावरच्या आजी गोंधळतील." मग पत्रक माझ्या हातात देत म्हणालात, "मजकूर चांगला आहे. जागा चुकली."

मी भांडायला लागले. सांगलीच्या दोन खोल्यांच्या घरात मी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून वाचायला शिकले. आई-बाबा दोघंही चळवळीतले. चपाती लाटायच्या कितीतरी आधी मला पत्रकाची घडी घालता यायला लागली होती. पत्रक काढणाऱ्या माणसाशी भांडायचं असतं, एवढंच मला ठाऊक होतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि माझ्या खांद्याकडे बघत राहिलात.

"राग खांद्यात धरतेस तू. दुखत असेल. रविवारी मोकळी आहेस का?"

अशी मी तुमच्या पाठोपाठ चिबाला जाणाऱ्या ट्रेनमध्ये बसले. तुमच्या मांडीवर ती लांब काळी पिशवी. समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, हे कुठलं वाद्य? तुम्ही गंभीरपणे सांगितलंत, "एका तारेचं." त्या म्हणाल्या, "वा, कठीण असेल." तुम्ही म्हणालात, "हो. एका वेळी एकदाच वाजतं." बाई उतरेपर्यंत तुमचा चेहरा हलला नाही. गाडी सुटल्यावर मात्र तुम्ही पिशवीवर डोकं टेकवून हसलात, तोंडावर हात ठेवून. तुम्ही नेहमी तशाच हसायचात, दात झाकून.

कुरोदासानची रेंज म्हणजे बांबूच्या बनातली एक पायवाट, आणि वाटेवर ठिकठिकाणी फोमची जनावरं. हरीण, रानडुक्कर, एक कान तुटलेलं अस्वल. सत्तरी ओलांडलेले कुरोदासान स्वतः बंदूकवाले. गावच्या शेतात घुसणारी डुकरं मारायचा त्यांच्याकडे परवाना. जपानमध्ये धनुष्यबाणाने शिकार करायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे आपण सगळे फोमवालेच. ज्यांना खरी शिकार करायची ते रजा काढून न्यूझीलंडला जातात आणि तिथून ग्रुपवर फोटो पाठवतात.

पहिल्याच दिवशी माझा बाण फोमच्या हरणाच्या पोटात, मागच्या बाजूला रुतला. मी नाचले. लागला तर होता!

"कुठे लागलाय?" तुम्ही विचारलंत.

"हरणाला."

"हरणाला नाही. हरणाच्या पोटात. आता हे पळालं. कुठे पळालं असेल?"

मला वाटलं चेष्टा आहे. मी बनाकडे बोट दाखवलं. तुम्ही खाली बसलात, डबा उघडलात, मला धपाटा खायला दिलात, आणि म्हणालात, "बस. चाळीस मिनिटं. मग शोधायला जाऊ."

"फोमचं हरीण?"

"हो."

"चाळीस मिनिटं कशाला?"

"तीस पुरत नाहीत."

आणि खरोखर बसवून ठेवलंत. मग त्या बनात वीस-पंचवीस पावलं माझ्यासोबत चाललात, पानं उलटून बघितलीत, एका ओढ्याच्या काठाशी उभ्या राहिलात आणि परत फिरलात. ग्रुपवर प्रत्येक नव्या माणसाचा असा एक तरी रविवार गेला आहे. निखिलचा तर अख्खा महिना गेला. सगळे त्याला "ताईंची शिक्षा" म्हणायचे आणि हसायचे. तुम्हीही हसायचात. आम्ही कुणी कधी विचारलं नाही की तीस का पुरत नाहीत.

आता आपल्या भांडणाकडे येते. ते अजून संपलेलं नाही, आणि ते एकटीने पुढे कसं न्यायचं हे मला कळत नाहीये.

निखिल पहिल्यांदा न्यूझीलंडहून आला तेव्हा ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. आधी फोटो, मग गोष्ट, मग अभिनंदनाची रांग. मी बघत होते. हरणाची जीभ आत ढकललेली. नाकाखालचं रक्त पुसलेलं. बाण लागलेली बाजू कॅमेऱ्यापासून वळवलेली. हे सगळं नीट ठरवून केलेलं आहे हे कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी ट्रेनमध्ये उभ्याउभ्या सात मुद्दे लिहिले आणि ग्रुपवर टाकले. पहिलाच मुद्दा होता: "मारता, तर मेलेलं दाखवा. झोपलेलं दाखवू नका."

निखिलने लिहिलं, "पत्रकवाली आली."

ओसाकातल्या कुणीतरी लिहिलं, "ओसाकापर्यंत मोर्चा येणार का? निदान जेवणाचा बेंतो द्या."

तुम्ही मला वेगळा निरोप पाठवलात: "रविवारी ये. जेवण आणू नकोस."

त्या रविवारी कुरोदासानच्या शेडमध्ये तुम्ही त्यांनी दिलेल्या रानडुकराचा काळ्या मसाल्याचा रस्सा गॅसच्या छोट्या शेगडीवर गरम केलात. मी म्हणाले, मी हे खाणार नाही. माझ्या पिशवीत तरीही कोंबिनी दुकानातलं काराआगे होतं, तळलेल्या कोंबडीचं पाकीट, ते काढून खायला लागले.

"ही कोंबडी कशी मेली?" तुम्ही विचारलंत.

"तो मुद्दा वेगळा आहे."

"का वेगळा? तिची जीभ आत ढकलायचं काम दुसऱ्या कुणीतरी केलं म्हणून?"

"मी काराआगे हातात धरून हसत फोटो टाकत नाही, ताई!"

"रामेनचे टाकतेस की. परवाच्यात डुकराचे दोन काप होते, वर अर्धं अंडं. मी लाईक केलंय."

कुरोदासानना मराठी येत नाही, पण ते इतके हसले की त्यांच्या हातातला चहा सांडला. मला हसू आवरलं नाही याचा मला अजून राग आहे. कारण त्याने माझा मुद्दा खोटा ठरत नाही, ताई. पाकिटातल्या कोंबडीबद्दल तुमचं बरोबर होतं. फोटोबद्दल माझं बरोबर होतं. तुम्ही ते कबूलही केलंत, रस्सा वाढताना, माझ्याकडे न बघता.

"जीभ ढकलतात ते खोटं आहे, हे तुझं खरं. पण सगळे मिरवायला फोटो टाकत नाहीत, मुक्ता. काही जण घाबरून टाकतात. एवढं मोठं जनावर आपल्या हाताने गेलं, हे एकट्याने बाळगता येत नाही. मग चार जणांनी 'छान' म्हटलं की वाटतं, असेल बाबा छान."

मला तेव्हा वाटलं, तुम्ही निखिलची बाजू घेताय. तुम्ही कुणाबद्दल बोलत होतात ते मला गेल्या नोव्हेंबरमध्ये कळलं.

त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे आलात ते कुरोदासानच्या झाडाची, काकी म्हणतात ती केशरी फळं घेऊन. आठवडा आधीच निखिलने ग्रुपवर जाहीर केलं होतं की येत्या एप्रिलमध्ये आपल्यातले चार जण न्यूझीलंडला जाणार. चौघांनीही लिहिलं होतं, ताईंचा फोटो बघून हिंमत आली. तुम्ही खुर्चीच्या काठावर बसलात, जशा तुम्ही दुसऱ्याच्या घरी बसायचात, केव्हाही उठता येईल अशा.

"मला एक लिहून दे. ग्रुपसाठी. मी टाईप करते आणि खोडते. तुझ्यासारखं येत नाही मला."

आणि तुम्ही सांगितलंत. आठ वर्षांपूर्वीच्या त्या एकाच सहलीबद्दल. आम्हाला वाटायचं तुम्ही जुन्या शिकारी, बऱ्याचदा गेला असाल. तुम्ही एकदाच गेला होतात.

दुसऱ्या दिवशीची सकाळ. उतारावर चरणारी एक हरिणी, अंतर वीस मीटरच्या आसपास, वारा तुमच्या तोंडावर. सगळं पाहिजे तसं. तुम्ही दोरी सोडलीत आणि त्याच क्षणी तिने एक पाऊल पुढे टाकलं. बाण छातीऐवजी पोटात गेला. ती उतारावरून खाली झुडपात गेली. गाईड म्हणाला, आता बसायचं. पोटात लागलेलं जनावर लगेच मरत नाही, पण त्याला त्रास दिला नाही तर ते जवळच कुठेतरी आडवं होतं. तीन तास तरी थांबायचं.

"समोरच्या डोंगरावर पाऊस दिसत होता गं," तुम्ही म्हणालात. "मला वाटलं, रक्त धुऊन जाईल, मग ती सापडणार नाही. आणि मला बसवेना. ती तिथे आहे, मी इथे धपाटे खातेय, असं. अर्ध्या तासात उठले. तो नको म्हणत होता. मी चालायला लागले, मग तोही आला."

ती शंभर पावलांवरच पडलेली होती. मान वर होती. तिने तुम्हाला बघितलं, उठली, आणि घळीत उतरली. मग पाऊस आला. तो दिवस आणि पुढचा अख्खा दिवस तुम्ही दोघं शोधत राहिलात. अर्धा तुटलेला बाण सापडला. ती सापडली नाही.

"अजून दहा मिनिटं बसले असते तरी कदाचित... मला माहीत नाही. तीन तास म्हणाला होता तो. मी तिसाव्या मिनिटाला उठले."

शेवटच्या दिवशी गाईडने तो नर दाखवला. तुम्हाला बाण मारायचा नव्हता. तो म्हणाला, अशी परत गेलात तर हीच एक गोष्ट घेऊन जाल. तुम्ही मारलात. नर तीस पावलं गेला आणि पडला. गाईडने रक्त पुसलं, जीभ आत ढकलली, कॅमेरा काढला.

"ते हसू खोटं नाहीये हं," तुम्ही मला सांगितलंत. "तू म्हणशील, नाटक. नाही. हा पटकन गेला, याला काही कळलं नाही, म्हणून मला एवढं सुटल्यासारखं झालं की तोंड मिटेचना. पण मग तो फोटो मी ग्रुपवर टाकला, आणि हरिणीचं लिहायचं राहिलं. पहिल्या दिवशी राहिलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची अभिनंदनं आली होती. मग कसं लिहिणार?"

आता मी काय बोलले ते इथे लिहायला हवं. तुम्ही ते कुणाला सांगितलं नसणार.

मी म्हणाले, "तुमचं तुम्ही सांगा, ताई. आठ वर्षं टाळ्या घेतल्या तेव्हा माझी गरज लागली नाही."

एका मिनिटाच्या आत म्हणाले. ज्याचं सत्य त्याने स्वतःच्या तोंडाने बोलावं, हे तत्त्व मी लहानपणापासून ऐकत आले. ते तत्त्व म्हणून अजूनही मला पटतं. पण तुमच्या समोर बसून ते तोंडातून निघालं तेव्हा त्यात तत्त्व थोडं होतं. रस्स्याच्या दिवशी मी हरले होते, त्याची परतफेड जास्त होती. तुमच्याकडे पाहून मी धनुष्य हातात घेतलं होतं, आणि तुमचा फोटोही पुसलेला निघाला, याचा राग होता.

तुम्ही "बरं" म्हणालात. मग उठून फळं खिडकीत ओळीने मांडून ठेवलीत. "लगेच खाऊ नकोस. तुरट असतात. बोटाने दाबलं की जेलीसारखं लागलं पाहिजे, तेव्हा खा." दारात चपला घालताना पुन्हा एकदा म्हणालात, "घाई करू नकोस हं. तोंड वाकडं होईल."

फळं मऊ व्हायला तीन आठवडे लागले. तोवर माझा राग गेला होता. पण मी तुमच्याकडे आले नाही. वाटलं, नवीन वर्ष होऊ दे. जानेवारीत तुमच्या पोटातल्या गाठीचं कळलं. दवाखान्यात मी तीनदा आले, पिशवीत वही घेऊन. तिन्ही वेळा तुम्ही दुसरंच बोलत राहिलात. नर्सबाई तुम्हाला माधुरीसान न म्हणता मादोरीसान कशा म्हणतात, खाटेच्या कठड्याला धरून डावा खांदा कसा ताणायचा, तुमच्या यजमानांना, दिलीपरावांना, भात किती पाण्यात लावायचा ते कसं लिहून द्यायचं. तिसऱ्या वेळी तुम्ही माझ्या पिशवीकडे बघितलंत. वहीचा कोपरा दिसत होता. तुम्ही काही विचारलं नाहीत, मी काढली नाही. तुम्ही वाट बघत होतात की तुम्ही तो विषय संपवला होता, हे मला आता कधीच कळणार नाही.

तुमच्या अस्थी उचलताना दिलीपरावांच्या काड्यांतून हाड दोनदा निसटलं. इथल्या पद्धतीने लांब काड्यांनी, दोघांनी मिळून एक हाड उचलायचं. तुमची लेक विमानात होती, म्हणून दुसऱ्या काड्या माझ्या हातात आल्या. मी दिलीपरावांना हळूच म्हणाले, "काका, श्वास अर्धा सोडा आणि थांबा. मग उचलू." तुमचंच वाक्य. ते थांबले. मग जमलं.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. ठरवून गेले होते की तो फोटो लावू द्यायचा नाही, काही झालं तरी. दिलीपराव स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते. पुढ्यात तुमच्या बाणांचा भाता, हातात वॉर्ड ऑफिसची कचऱ्याची पुस्तिका.

"मुक्ता, बाण कशात जातात गं? तीस सेंटिमीटरच्या वर म्हणजे सोदाई, मोठा कचरा ना? स्टिकर आणावा लागेल."

"काका, टाकू नका."

"नाही टाकत. नुसतं वाचत होतो. तिने सगळं कुठे काय टाकायचं ते सांगितलं, हे तेवढं नाही सांगितलं."

चहा झाला. मी सगळं सांगितलं. हरिणीचं, नोव्हेंबरचं, मी काय बोलले त्याचं. ते खिडकीतून समोरच्या बिल्डिंगकडे बघत ऐकत होते.

"हरिणीचं मला माहितीये," ते म्हणाले. "दर एप्रिलला सांगायची. तेच, त्याच क्रमाने. पाऊस दिसत होता, मी उठले. मी म्हणायचो, अगं जनावर आहे, विसर आता. मग दोन दिवस बोलायची नाही." रिकामा कप बाजूला सारत म्हणाले, "तुझ्याकडे आली होती ते नव्हतं माहीत."

"म्हणून म्हणते काका, तो फोटो नको लावायला. खोटा आहे तो."

तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "तो काढायचा नाही."

"पण काका—"

"लग्नाला पस्तीस वर्षं झाली. लग्नाच्या फोटोत तोंड मिटलेलं. पासपोर्टवर मिटलेलं. लेकीच्या बारशात हात तोंडावर. दात पुढे आहेत म्हणून लहानपणी कुणीतरी चिडवलं होतं, ते धरून बसली. दात दिसतील असं ती एका फोटोत हसलीये. एका. तो तू खोटा म्हणतेस?"

लहानपणापासून पत्रकांत मी एकच शिकले होते, खोटं दिसलं की फाडायचं. अर्धं खरं समोर आलं तर काय करायचं, त्याचा मुद्दा सातातला कुठलाच नव्हता.

दिलीपरावांनी फोन काढला, तो फोटो उघडला, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघितला. मग फोटोच्या खालच्या भागावर बोट ठेवलं.

"इथे बघ केवढं गवत आहे. मोकळंच आहे. इथे लिही ना तिला काय म्हणायचं होतं ते. फोटो राहील, तिचं म्हणणंही राहील."

आणि भात्यातून तो अर्धा तुटलेला बाण काढून माझ्या हातात दिला. आठ वर्षं तो तुम्ही बाकीच्या बाणांमध्येच ठेवला होता. दर रविवारी चिबापर्यंत नेऊन परत आणायचात.

ताई, हे तुम्ही मला लिहायला सांगितलं होतं. चार महिने उशीर झाला. तुमच्या तोंडून आलं असतं तर जास्त बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. त्या वादात मी मागे हटत नाही, तुम्ही असतात तर पुन्हा भांडले असते. पण त्या दिवशी तुम्ही मला तुमच्या वतीने खोटं बोलायला सांगत नव्हतात. शोधायला सोबत ये, एवढंच म्हणत होतात, जशा तुम्ही प्रत्येक नवख्यासोबत त्या बनात यायचात. मी बसून राहिले. माफ करा, हे छोटं पडतं. तरी म्हणते.

आणि आभार. पत्रक न फाडता सोडवून आणल्याबद्दल. माझ्या खांद्यातला राग पहिल्यांदा तुम्हाला दिसला, आणि तो काढून टाक असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. दोरी कुठपर्यंत ओढायची आणि कधी थांबायचं, तेवढं दाखवलंत. तो रस्साही मी नंतर खाल्ला होता, तुम्ही बाण काढायला गेलात तेव्हा, भांड्यातूनच. छान झाला होता. कुरोदासानना माहीत आहे. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही, म्हणून मी सांगते.

आता तुमच्याकडे वळते, जे इतका वेळ ऐकत आलात त्यांच्याकडे.

निखिल, फोटो लाव. मोठा कर, पण गवत कापू नकोस. त्या जागेत हरिणीची गोष्ट छापायची आहे. मजकूर वर आहेच, त्यातून तू निवड. तुझ्या पहिल्या सहलीत काय घडलं ते मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही. पण तुझ्याही फोटोत खाली थोडी जागा आहे, मी बघितलंय.

एप्रिलमध्ये जाणाऱ्या चौघांनो, जा. ताईंनी तुम्हाला थांबवलं नसतं, मीही थांबवत नाही. फक्त गाईड म्हणाला बसा, तर बसा. पाऊस दिसला तरी.

आणि बाकी सगळ्यांनो, शिकार करणारे असा, नसा. सुरुवातीला जो फोटो उघडायला सांगितला होता, तो अजून समोर असेल. तो पुसू नका, लपवू नका, त्यातलं हसू तुमचंच आहे. ज्यांनी ज्यांनी तुम्हाला त्यावर 'छान' म्हटलं, त्या सगळ्यांना दिसेल असं त्याच्याखाली राहिलेली गोष्ट लिहा. काय चुकलं, कोण सापडलं नाही, कधी उठायला नको होतं. आज लिहा. पण लिहायच्या आधी फोन उलटा ठेवून शांत बसा, चाळीस मिनिटं.

तीस पुरत नाहीत.